रंगीत प्रवाळाची टाकी : उजेडाचा आणि पाण्याचा हिशोब

काचेच्या टाक्या जोडणारे, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी करणारे, वायरिंगवाले आणि सुतार असे आपल्यातले बरेच कारागीर मत्स्यटाक्यांच्या कामावर पोट भरतात. या कारागिरांकडे आता एक वेगळे गिऱ्हाईक येते. त्याला गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशची टाकी नको असते. त्याने दुबईत, सिंगापूरला किंवा टीव्हीवर जांभळ्या, हिरव्या, गुलाबी प्रवाळांची खाऱ्या पाण्यातली टाकी पाहिलेली असते आणि तशीच टाकी त्याला आपल्या दिवाणखान्यात हवी असते. कारागीर टाकी करून देतो, वर दिवा बसवतो, बयाणा खिशात घालतो. तीन महिन्यांनी गिऱ्हाईक दारात उभे राहते आणि म्हणते, रंग गेला. मग वाद होतो आणि उरलेली रक्कम बुडते.

‘रंग गेला’ ही तक्रार आम्हा कापडवाल्यांना काही नवी नाही. उमर त्यातच गेली. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो. आमचा एक भाचा बारा वर्षे शारजात अशा टाक्यांच्या देखभालीचे काम करतो. त्याच्याबरोबर घरोघर फिरून, त्याच्या नोंदवह्या चाळून आणि पुस्तके वाचून जो हिशोब आमच्या ध्यानात आला तो येथे मांडतो. गंमत अशी की या धंद्यातली मुख्य जिन्नस रंगरेजाच्या ओळखीचीच आहे : पाणी, मीठ आणि सोडा. ज्याने डाईंगच्या कारखान्यात चार दिवस काढले आहेत त्याला हे काम इतरांपेक्षा लवकर समजेल.

आधी कायदा

पैसा घालण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. आपल्या देशात खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली घातले गेले. म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाची जी जागा तीच यांची. समुद्रातून काढणे, बाळगणे, विकणे, सगळे गुन्ह्यात येते. शिक्षा तीन ते सात वर्षांची असून २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये झाली आहे. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आपली मोठी प्रवाळे आहेत. आपल्या मालवणलाही थोडी आहेत. तिथून कोणी ‘ताजा माल’ आणून देतो म्हणाला तर त्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवावे. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडा शोभेची वस्तू म्हणून विकणे हेही याच कायद्यात सापडते. पुष्कळ दुकानदारांना याची खबर नसते.

परदेशातून येणाऱ्या मालावर सायटिस करार लागू आहे. सर्व कठीण प्रवाळे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना हवाच. आखातात हा धंदा उघडपणे चालतो, पण तिथेही कागद लागतात. आणि हा पुरवठा कधी थांबेल याचा भरवसा नसतो. इंडोनेशिया हा या मालाचा मोठा देश. त्याने २०१८ साली निर्यात बंद केली आणि २०२० मध्ये, शेतीत वाढवलेल्या मालापासून सुरुवात करून, ती पुन्हा खुली केली. मधल्या काळात केवळ जिवंत माल विकणाऱ्या दुकानांचे काय झाले असेल ते व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

तेव्हा आमचा सल्ला सरळ आहे. इथल्या कारागिराने प्राणी विकण्याच्या भानगडीत पडू नये. टाकी, स्टँड, दिवा, शुद्ध पाणी आणि महिन्याची देखभाल विकावी. यादीत नाव नसलेल्या मऊ जाती गिऱ्हाईक स्वतः आणणार असेल तर त्याने आयातीचे कागद आणि वन्यजीव विभागाचे लेखी उत्तर आधी दाखवावे. दगडही समुद्रातला नको. भट्टीत भाजलेला सच्छिद्र मातीचा दगड चालतो आणि सिमेंटचाही चालतो. सिमेंटचा दगड मात्र पाणी बदलत काही आठवडे भिजत ठेवावा, नाहीतर त्याचा चुना उतरून पाण्याचा क्षार भलताच चढतो. आपले कुंभार आणि गवंडी हे काम सहज करतील. पण टाकी आणि दिवा विकायचा तरी तो कशासाठी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक पाहिजे. आखातात नोकरीला जाणाऱ्या कोकणातल्या तरुणांना तर हा चांगला हुनर ठरू शकतो.

रंग येतो कोठून

उर्दू शाळेत आम्ही ‘मर्जान’ हा शब्द शिकलो तो माळेतल्या लाल मण्यासाठी. सराफाकडचे ते लाल पोवळे भूमध्य समुद्रातल्या एका जातीचे असते. कपारीच्या मंद उजेडातही ते वाढते, त्याला उन्हाची गरज नाही. टाकीतले रंगीत प्रवाळ निराळे. हाही प्राणीच आहे, झाड नव्हे. मात्र त्याच्या अंगात एकपेशीय शेवाळाचे लाखो भाडेकरू राहतात. हे शेवाळ उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाडे म्हणून देते. घरमालक त्याच्या बदल्यात जागा आणि आपल्या अंगातला मळ, म्हणजे खत, पुरवतो. उजेड नसेल तर भाडे बंद आणि घरमालक उपाशी.

या शेवाळाचा स्वतःचा रंग तपकिरी. हे झाले कोरे कापड. त्यावरचा हिरवा, निळा, गुलाबी, जांभळा हा प्रवाळाने स्वतः तयार केलेल्या प्रथिनांचा असतो. त्यात दोन जाती आहेत. एक प्रकार निळा उजेड पिऊन हिरवा किंवा लाल उजेड परत फेकतो, म्हणजे चमकतो. दुसरा चमकत नाही, साध्या रंगासारखा दिसतो. जांभळा आणि निळा बहुतेक करून या दुसऱ्यातला. चमकणारे पहिले प्रथिन ओसामु शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाला १९६२ साली एका जेलीफिशमध्ये मिळाले आणि त्या कामासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल इतर दोघांबरोबर त्यांना देण्यात आले. प्रवाळवर्गातल्या प्राण्यांतही त्याच कुळातली प्रथिने आहेत हे १९९९ साली रशियन शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यांनी तपासलेले प्राणी समुद्रातून नव्हे, मॉस्कोतल्या अ‍ॅक्वेरियममधून आले होते. हौशी माणसाच्या टाकीने एवढ्या मोठ्या विद्येला हात दिला, ही बाब आम्हाला फार भावली.

आता हा रंग प्रवाळ का बनवते? आपल्याला खूश करण्यासाठी नाही. जास्तीच्या उजेडापासून आपल्या भाडेकरूंना वाचवण्यासाठी ते या रंगांची छत्री धरते, निदान उथळ पाण्यातल्या जातींत तरी. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २००८ मध्ये दाखवले की निळ्या उजेडाने रंगप्रथिनांची निर्मिती वाढते. यातून कारागिराने घ्यायचा मुद्दा असा : रंग प्रवाळाबरोबर विकत मिळत नाही. दुकानात जांभळे दिसलेले प्रवाळ घरच्या मंद दिव्याखाली दोन महिन्यांत तपकिरी होते, कारण छत्रीची गरजच उरत नाही. तो रंग गिऱ्हाइकाच्या घरी रोज नव्याने तयार व्हावा लागतो, आणि तो तयार करणारे दोन मजूर म्हणजे उजेड आणि पाणी. दोघेही रोज एकाच वेळी, एकाच मापाने कामावर आले पाहिजेत.

उजेड

साडीचा दुकानदार ट्यूबखाली जो रंग दाखवतो तो रस्त्यावरच्या उन्हात निराळा दिसतो. शहाणी गिऱ्हाइके म्हणूनच साडी उंबऱ्यापर्यंत घेऊन जातात. प्रवाळाच्या दुकानात याहून मोठा खेळ चालतो. तिथे सगळे दिवे गर्द निळे लावलेले असतात. त्या उजेडात चमकणारी प्रथिने अशी उजळतात की साधे तपकिरी प्रवाळही रत्नासारखे भासते. यात खोटेपणा आहे असे आम्ही म्हणत नाही, पण पांढरा दिवा लावून दाखवा असे म्हणण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. दोन्ही उजेडांत पाहून मगच पैसे द्यावेत.

निळ्याला एवढे महत्त्व का? समुद्राचे पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते. निळा सर्वांत खोल जातो. प्रवाळ आणि त्याचे शेवाळ त्या निळ्यावरच वाढलेले आहेत. म्हणून दिव्यात ४२० ते ४८० नॅनोमीटरचा निळा-जांभळा भाग भरपूर हवा आणि डोळ्यांना बरे वाटावे इतपत पांढरा. पूर्वी मेटल हॅलाइडचे तापट दिवे आणि नंतर टी-५ च्या ट्यूब वापरत. आता जवळजवळ सगळीकडे एलईडी आहे. ट्यूब असतील तर नऊ ते बारा महिन्यांत बदलाव्या लागतात. त्या पेटत राहतात, पण त्यांचा निळा भाग ओसरलेला असतो.

येथेच सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सर्वांत तेज आणि निळ्याला मंद. त्यामुळे निळा दिवा पूर्ण जोरावर असला तरी खोलीत उभ्या माणसाला तो अंधुक वाटतो. गिऱ्हाईक म्हणते, अहो, उजेड कमी आहे, वाढवा. कारागीर वाढवतो. आठ दिवसांत प्रवाळ पांढरे! लक्स मीटरही डोळ्याच्याच मापाने बनवलेला असल्याने तोही निळा उजेड कमी मोजतो. खरे माप पार मीटरचे. तो वनस्पतीच्या उपयोगाचा उजेड मायक्रोमोलमध्ये दाखवतो. उष्ण प्रदेशात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा दोन हजारांच्या आसपास असतो. टाकीत एवढा कधीच लागत नाही. मश्रूम, झोआंथिड आणि लेदर या मऊ जातींना ५० ते १५० पुरे. हॅमर, टॉर्च, ब्रेन यांसारख्या मोठ्या तोंडाच्या कठीण जातींना ७५ ते २००. अ‍ॅक्रोपोरासारख्या बारीक फांद्यांच्या जातींना २०० ते ३५०. पार मीटर महाग असतो, पण चार-पाच कारागिरांनी मिळून एक घेतला तर वर्षभरात वसूल होईल. एकेका टाकीला तो तासाभरासाठीच लागतो.

नवा दिवा किंवा नवे प्रवाळ असेल तेव्हा निम्म्या जोरावर सुरुवात करावी आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर न्यावे. रोज आठ ते दहा तास उजेड, आणि तो टायमरवर. घरातल्या माणसाच्या आठवणीवर ठेवू नये. पाहुणे आले म्हणून रात्री बारापर्यंत दिवा चालू ठेवणे हे तर टाळावेच. प्रवाळाला रात्र लागते.

दिवा एकाच ठिकाणी टांगला तर फांदीच्या वरच्या बाजूला रंग येतो आणि खालची बाजू सावलीत फिकी पडते. जसे घडी घालून उन्हात ठेवलेल्या थानाचे होते, फक्त उलटे. चार फुटी टाकीला एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे चांगले, पाण्यापासून वीस-तीस सेंटिमीटर उंचीवर. दिव्याच्या काचेवर मिठाचे शिंतोडे बसतात व उजेड चोरतात. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावे. वायरिंगवाल्या बांधवांना एवढेच की खारे पाणी आणि वीज यांची दोस्ती जीवघेणी आहे. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल ठेवावा म्हणजे थेंब तिथूनच गळतो, आणि गळतीवर तुटणारा स्विच बसवल्याशिवाय टाकी चालू करून देऊ नये.

पाणी, मीठ, सोडा

रंगरेजाला कठीण पाणी नको असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शेड बिघडवते, म्हणून तो पाणी मऊ करून घेतो. प्रवाळाचे उलट. त्याचे हाड चुन्याचे, त्याला तेच कॅल्शियम हवे. पण म्हणून बोअरचे कठीण पाणी चालत नाही. बोअरच्या आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन, सिलिका, फॉस्फेट, कधी तांबे, असे बरेच काही येते. आधी पाणी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून काढून कोरे करायचे, टीडीएस मीटरवर शून्य यावे, आणि मग त्यात समुद्राचे मीठ मापून घालायचे. कापड आधी ब्लीच करून मग रंगवतात, तोच न्याय. आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर फेकते. ते धुण्या-पुसण्याला वापरावे.

मीठ म्हणजे स्वयंपाकातले नव्हे, डाईंगमधले ग्लॉबर सॉल्ट तर नव्हेच. अ‍ॅक्वेरियमसाठी तयार मिळणारे समुद्री मीठच हवे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत दगड सोडून साधारण चारशे लिटर पाणी मावते. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम धरले तर पहिल्या भरणीला चौदा-पंधरा किलो मीठ लागते. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे तर दीड किलो. कोटेशन देताना हा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. सुतारांसाठी जाता जाता : पाणी, बारा मिलिमीटरची काच आणि दगड मिळून हे वजन साडेपाचशे ते सहाशे किलोपर्यंत जाते, तेव्हा टीव्हीच्या टेबलावर ही टाकी बसवता येत नाही. लोखंडी अँगलला चांगला इपॉक्सी रंग नसेल तर मीठ तो वर्षात खाऊन टाकते.

खारेपणा दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ. रिफ्रॅक्टोमीटरने मोजावा, आणि तो ३५ च्या तयार द्रावणावर जुळवून घ्यावा. उघड्या टाकीतून रोज चार-पाच लिटर पाणी उडते. पाणी उडते, मीठ उडत नाही. आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही तर ३५ लिटर कमी होऊन खारेपणा ३८ च्या वर जातो. मग घाबरून मालक एकदम बादली ओततो आणि तो झटकन खाली येतो. असा चढउतार प्रवाळाला दोन्ही टोकांनी मारतो. फ्लोटवर चालणारा छोटा पंप कोरे पाणी थेंबाथेंबाने भरत राहील असे करावे. मीठ घातलेले पाणी यासाठी वापरू नये.

आता सोडा. पाण्याची क्षारता डीकेएच या मापात मोजतात. समुद्रात ती सातच्या आसपास असते, टाकीत आठ ते नऊ ठेवतात. कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या जवळ आणि मॅग्नेशियम १३०० च्या जवळ. प्रवाळ हाड बांधताना क्षारता आणि कॅल्शियम दोन्ही खाते, परंतु प्रमाण असे की क्षारता एक डीकेएच उतरली तर कॅल्शियम जेमतेम सात मिलिग्रॅमने उतरते. सव्वाचारशेतले सात घरगुती चाचणीत कळतही नाहीत, आठातला एक मात्र लगेच कळतो. म्हणून क्षारता आठवड्यातून दोन-तीनदा, शक्यतो ठरलेल्या वेळी मोजावी. भरपाईसाठी खाण्याचा सोडा चालतो. चारशे लिटर पाण्याला एक डीकेएच वाढवायला सुमारे बारा ग्रॅम पुरतो. कोऱ्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या प्रवाहात, हळूहळू. एका दिवसात एकापेक्षा जास्त वाढवू नये. आठचे दहा एका दिवसात करणारा माणूस फांद्यांची टोके जाळतो. दहा हा आकडा स्वतः वाईट नाही, वाईट आहे ती घाई. कायम आठवर राहिलेली टाकी आठ-दहा-आठ करणाऱ्या टाकीपेक्षा चांगला रंग देते, हे भाच्याच्या वह्यांत आम्ही पानोपानी पाहिले.

नायट्रेट आणि फॉस्फेट हे पाण्यातले खत. वाढले तर अंगातले शेवाळ माजते आणि प्रवाळ तपकिरी दिसू लागते. म्हणून पूर्वी लोक ते शून्यावर आणण्याच्या मागे असत. पण शून्यावर प्रवाळ फिके, उपाशी पडते. साउदॅम्प्टनच्याच प्रयोगशाळेने २०१३ मध्ये असे दाखवले की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अगदीच कमी झाले तर प्रवाळ उष्णतेला आणि उजेडाला लवकर बळी पडते. तेव्हा नायट्रेट लिटरला दोन ते दहा मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, असे दोन्ही थोडे थोडे असावे. अमोनिया मात्र शून्यच. नव्या टाकीत मळ पचवणारे जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामीच चालवावी, गिऱ्हाईक कितीही उतावीळ असो.

म्हणजे तपकिरी प्रवाळ पाहून लगेच दिवा वाढवू नये. दिवा कमी आहे की खत जास्त आहे, हे आधी चाचणीने ठरवावे. फिके प्रवाळ पाहूनही तसेच : उजेड जास्त झाला, की पाणी तापले, की खत संपले? डाग कशाचा हे पाहिल्याशिवाय जो धोबी तेजाब ओततो त्याच्याकडे आपण कपडे देत नाही.

तांबे हा प्रवाळाचा जहरी दुश्मन. पितळी नळ, तांब्याची नळी, माशांच्या रोगावरची तांबेयुक्त औषधे, काहीही टाकीच्या पाण्याला लागू देऊ नये. डाईंगच्या कारागिरांनी तर विशेष काळजी घ्यावी. टर्क्वाइज ब्लूच्या रंगातच तांबे असते. त्या कामाची बादली किंवा मग इकडे आणू नये. आणखी एक धोका हाताळणाऱ्याच्या जिवाचा आहे. झोआंथिड वर्गातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. अशा दगडाला हातमोज्यांशिवाय हात लावू नये, घासू नये, आणि साफ करायला तो उकळू तर कधीच नये. ती वाफ सबंध घराला आजारी पाडते.

उष्मा, पावसाळा आणि बत्ती गुल

तापमान २५-२६ अंश. लक्षद्वीपजवळचा समुद्र १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापला तेव्हा मैलोगणती प्रवाळ पांढरे पडले. तिथे वाढ काही दहा अंशांची नव्हती. मेच्या महिन्यात मुंबईच्या बंद खोलीत टाकीचे पाणी बत्तीसवर जाते. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी जास्त उडते, भरपाई वाढवावी लागते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पंख्याचा गुण कमी येतो. त्यामुळे कठीण जातींसाठी चिलर हा किनारपट्टीवर जवळजवळ सक्तीचाच. शारजात घरे चोवीस तास थंड ठेवलेली असल्याने तिथली सोपी गणिते इथे लागू करू नयेत. आखातातून परतलेले काही कारागीर तेच कोटेशन इथे देतात आणि पहिल्या उन्हाळ्यात अडकतात.

एवढी यंत्रे पाहून घाबरण्याचेही कारण नाही. जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि आकाशाचा उजेड एवढ्यावर टाक्या चालवल्या आणि १९६१ साली आपली पद्धत अमेरिकेतल्या एका मासिकात छापली. त्यांच्या शेजारी समुद्र होता आणि ताजे पाणी हाताशी होते. भिवंडीत किंवा मालेगावात ते नाही, म्हणून जे समुद्र फुकट करतो ते आपण विजेने करतो.

आणि वीज जाते. त्यावेळी घरमालकाची पहिली धावपळ दिव्यासाठी असते. खरे तर दिवा एक-दोन दिवस बंद राहिला तरी प्रवाळ तग धरते. ढगाळ दिवस समुद्रातही येतात. पण पाणी हलवणारा पंप थांबला की प्राणवायू संपू लागतो. भरगच्च टाकीत काही तासांतच मासे वर येऊन तोंड उघडू लागतात आणि प्रवाळ त्यांच्या मागोमाग जाते. म्हणून इन्व्हर्टरची जोडणी आधी पाणी हलवणाऱ्या पंपाला, जमले तर चिलरला, आणि दिव्याला शेवटी. ज्यांना इन्व्हर्टर परवडत नाही त्यांना बॅटरीवर चालणारा, वीज जाताच आपोआप सुरू होणारा छोटा हवेचा पंप द्यावा. त्याची किंमत टाकीच्या बिलातच वेगळी ओळ करून लिहावी आणि गिऱ्हाइकाने तो नको म्हटले तर त्याच ओळीसमोर त्याची सही घ्यावी.